चकावरचा हात

करंजाच्या बंदरावर, होड्या ओढून ठेवायच्या उताराच्या वरच्या अंगाला, पत्र्याची एक शेड होती. तिच्यात हरेश्वर कोळ्याचा लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, चालायचा. आता तिथे जाळी ठेवतात. पण ज्या वर्षांत आमच्या होड्यांची शिडं उतरून इंजिनं चढली, त्या वर्षांत त्या शेडीवाचून कुणाचं चालत नव्हतं. होडीच्या पंख्याचा दांडा वाकला, आटे गेले, एखादा नट चिरडला, की माणूस तो तुकडा फडक्यात गुंडाळून हरेश्वरकडे यायचा.

हरेश्वर हे काम मुंबईत शिकला. बापाची होडी गेल्यावर चुलत्याने त्याला गोदीतल्या एका वर्कशॉपमध्ये चिकटवलं होतं. देश स्वतंत्र झाला तेव्हा तो तिथे टर्नर म्हणून पगार घेत होता. त्याला शिकवणारा फोरमन पारशी होता, म्हातारा आणि तापट. लोखंड कापतं ते हत्यार, असं तो सांगायचा. टर्नरचं काम लोखंड धरण्याचं. लेथच्या तोंडाशी जाड तबकडी असते, तिला चक म्हणतात. तिच्यावर चार जबडे. प्रत्येक जबड्याला आपापला स्क्रू, तो चावीने आवळायचा. ज्या तुकड्यावर काम करायचं, म्हणजे जॉब, तो या चार जबड्यांत धरायचा आणि मग चक फिरवायचं. जॉब नीट धरला असेल तर तो गरीब गाईसारखा फिरतो. नसेल तर तो सुटतो, आणि सुटलेलं लोखंड समोर कोण उभा आहे हे बघत नाही. फोरमन येता-जाता प्रत्येकाचा जॉब हाताने हलवून बघायचा. हलला तर त्या दिवशी त्या माणसाला झाडू मारायला लावायचा.

त्रेपन्न साली हरेश्वर गावी परतला. मोडीत निघालेला एक लेथ त्याने मुंबईहून मचव्यात घालून आणला. तेलावर चालणारं इंजिन बसवलं. इंजिनाची ताकद चामड्याच्या पट्ट्याने लेथपर्यंत यायची आणि एका लाकडी दांड्याने पट्टा इकडचा तिकडे सरकवला की लेथ चालू व्हायचा किंवा थांबायचा. तोवर त्याचं लग्न झालेलं होतं. बायको गावातलीच, नलू. तिची आई आवडाबाई आमच्या सगळ्यांच्या ओळखीची, कारण तिचा आवाज बंदरापासून देवळापर्यंत ऐकू यायचा.

आवडाबाईचा नवरा खांदेरी बेटाच्या पलीकडे होडीसकट बुडाला होता. मागे दोन पोरं, नलू आणि धर्मा. बाईने डोक्यावर पाटी घेऊन उरणच्या बाजारात मासळी विकली आणि दोघांना वाढवलं. धर्माला मात्र तिने होडीवर पाऊल ठेवू दिलं नाही. तो मोठा झाला, दांडगा झाला, त्याच्याबरोबरीचे सगळे समुद्रावर गेले आणि हा मिठागरात टोपल्या उचलत राहिला. गावाने त्याची टिंगल केली. शेड उभी राहिली त्याच आठवड्यात आवडाबाई त्याला घेऊन हरेश्वरकडे आली.

"जावय," ती म्हणाली, "याला तुमच्याजवळ ठिवा. जमिनीवर राहील."

हरेश्वरला माणूस हवाच होता. धर्मा इंजिन चालू करायचा, पट्ट्याचा दांडा सांभाळायचा, जड जॉब उचलून चकाशी धरायचा. मिठागरातून आलेल्या माणसाला सावलीतलं काम म्हणजे चैन वाटली. तो दिवसभर बोलायचा. हरेश्वर मुळात अबोल, पण धर्माच्या बडबडीत त्यालाही हसू यायचं. दुपारी नलू भाकर घेऊन यायची तेव्हा तिघं जण दारात बसून जेवायची. ती दोन-तीन वर्षं त्यांच्या घरात बरी गेली. नलूला मुलगी झाली, तिचं नाव राही ठेवलं. धर्मासाठी मुली बघणं सुरू होतं.

लेथ जुना होता आणि त्याचं चकही जुनं होतं. त्यातल्या चौथ्या जबड्याच्या स्क्रूचे आटे झिजले होते. छोटा जॉब असला की काही बिघडत नसे. मोठा जॉब धरताना मात्र चावी शेवटी घट्ट होण्याऐवजी थोडी मऊ लागायची. हरेश्वरला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. धर्मालाही कळलं होतं.

"भावजी, हा स्क्रू नवा करा ना," तो अधूनमधून म्हणायचा.

"करू. पावसाळ्यात."

पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असायच्या. म्हणजे सगळ्या गावाची इंजिनं त्याच दिवसांत उघडली जायची आणि शेडीत उभं राहायला जागा नसायची. लोकांचं काम आधी आणि आपलं नंतर, असं करता करता स्क्रू तसाच राहिला. त्याच्याखाली पत्र्याची पट्टी सारून हरेश्वर वेळ निभावून न्यायचा.

सत्तावन्न सालची नारळी पुनव झाली आणि होड्या पाण्यात गेल्या. अंबाजीची होडी दुसऱ्याच फेरीला बंद पडून परत आली. तिचं कपलिंग फुटलं होतं. इंजिन आणि पंख्याचा दांडा यांना एकमेकांशी जोडणारी ती जाड लोखंडी चकती, ताटाएवढी. अंबाजी मुंबईला गेला आणि ओतकामाच्या कारखान्यातून नवं कपलिंग घेऊन आला. ते ओबडधोबड होतं, त्याला साफ करून मधोमध भोक वाढवायचं होतं. सकाळीच तो शेडीत आला आणि खोक्यावर बसून राहिला. माणूस वाईट नव्हता. त्याचे खलाशी काठावर बसून होते, बाकीच्यांना मासळी लागली होती आणि त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

हरेश्वरने कपलिंग चकात धरलं. पहिले तीन जबडे आवळले. चौथा आवळताना चावी मऊ लागली. त्याने चावी काढली, पत्र्याची आणखी एक पट्टी सारली आणि पुन्हा आवळलं. मग सावकाश वेगावर लेथ चालू करून वरचा थर काढून बघितला. जॉब नीट फिरत होता.

"भरतीला निघायचं व्हतं," अंबाजी म्हणाला.

"व्हईल."

"असाच हलू चालला तर कवा व्हनार?"

हरेश्वरने लेथ थांबवला आणि पट्टा जास्त वेगाच्या पुलीवर, म्हणजे चाकावर, घेतला. धर्मा दांड्याशी उभा राहिला. दांड्याची ती जागा चकाच्या अगदी समोर होती. हरेश्वरने मान हलवली आणि धर्माने दांडा ओढला.

हत्यार आत गेलं. त्या कच्च्या लोखंडात एक पोकळी होती, तिच्या काठावर हत्याराचं टोक अडकलं. चौथा जबडा मागे सरला आणि कपलिंग चकातून उडालं. ते धर्माच्या छातीवर बसलं आणि मग मागच्या पत्र्याला भोक पाडून बाहेर पडलं.

धर्मा पडला नाही, खाली बसला. रिकामं चक फिरतच होतं.

"भावजी, पट्टा काढा," तो म्हणाला.

हरेश्वरने पट्टा काढला. तो धर्माजवळ येईपर्यंत धर्माच्या तोंडातून रक्त येऊ लागलं होतं. अंबाजीने आपल्या खलाशांना हाक मारली, कुणीतरी बैलगाडी आणली आणि सगळे उरणच्या डॉक्टरकडे निघाले. मिठागरांच्या मधल्या रस्त्यावर धर्मा गेला. त्याच रस्त्याने आवडाबाई रिकामी पाटी घेऊन बाजारातून परत येत होती. तिने गाडी ओळखली. गाडी थांबली तेव्हा तिने पाटी खाली ठेवली, आत बघितलं आणि चाकाच्या आऱ्याला धरून उभी राहिली. तिला तिथून सोडवायला चार बाया लागल्या.

पोलीस आले, पंचनामा झाला. हरेश्वरला विचारलं तेव्हा तो म्हणाला, जॉब निसटला. अंबाजीने कपलिंगातली पोकळी सगळ्यांना दाखवली आणि ओतणाऱ्यांना शिव्या दिल्या. पोकळी खरीच होती, कुणालाही बोट घालून बघता येत होतं. तिथेच चौकशी संपली. गावातल्या काहींनी लेथला बळी हवा होता असंही म्हटलं आणि अंबाजीने शेडीच्या दारात कोंबडं कापलं. हरेश्वर त्या वेळी आत बसला होता. झिजलेल्या स्क्रूचं त्याने कुणाला सांगितलं नाही. नलूलाही नाही.

शेड बंद झाली. हरेश्वर दिवसभर घराच्या मागल्या पडवीत बसून राहायचा. काही दिवसांनी तो एकटाच शेडीत गेला, इंजिन चालू केलं, दांडा स्वतःच ओढला आणि चौथ्या जबड्याचा नवा स्क्रू केला. सकाळी न्याहारी करून तो गेला होता आणि दुपारी भाकरीला घरी आला. जेवायला बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं की हे काम एवढंच होतं. हातातला घास त्याने ताटात परत ठेवला. नलूने पाणी दिलं. तिला वाटलं भावाच्या आठवणीने होतंय.

त्यानंतर त्याने लेथ विकायचं ठरवलं. ही गोष्ट गावात पसरली आणि आवडाबाईच्या कानावर गेली. तिने धर्माच्या जाण्यानंतर बाजार सोडला होता. ती एक दिवस सकाळी त्यांच्या दारात आली. अंगणातूनच तिने हाक मारली.

"हरेश्वर, शेड उघड."

ती त्याला नेहमी जावय म्हणायची, अहोजाहो करायची. त्या दिवसापासून तिने ते सोडलं.

हरेश्वर शेडीची चावी घेऊन निघाला. नलू राहीला कडेवर घेऊन मागून गेली. शेडीत जाऊन आवडाबाई चकासमोर उभी राहिली. पत्र्याला पडलेल्या भोकातून उजेड आत येत होता.

"कसा धरला व्हतास ता मना दाव," ती म्हणाली.

"आये, कशाला आता?"

"सगला गाव मना सांगतो, नशीब. नशीब मना दिसत न्हाय. लोखंड दिसतो. तू दाव."

पंचनाम्यानंतर कुणीतरी आत आणून टाकलेलं ते कपलिंग कोपऱ्यात तसंच पडलेलं होतं. अंबाजीने ते परत नेलं नव्हतं. हरेश्वरने ते उचललं आणि चकात धरलं. एकेक जबडा आवळत गेला. तो चौथ्यापाशी आला आणि थांबला. मग त्याने तो नवा स्क्रू काढला, मोडीच्या डब्यात टाकलेला जुना शोधून काढला आणि तो बसवला. आवडाबाई बघत होती. त्याने पत्र्याच्या पट्ट्या सारल्या, चावी आवळली आणि तो बाजूला झाला.

"हलव," तो म्हणाला.

तिने दोन्ही हातांनी कपलिंग धरलं आणि ओढलं. आयुष्यभर पाटी वाहिलेले हात होते ते. जबड्यात ते थोडं कलंडलं.

"हलतंय," ती म्हणाली.

"व्हय."

"तुना ठाव व्हता?"

"व्हय."

"धर्माला?"

"त्याला पन. तो सांगत व्हता बदला म्हनून."

नलूच्या तोंडून काहीतरी आवाज निघाला. आवडाबाईने तिच्याकडे बघितलं नाही.

"बदलायला किती येल लागला असता?"

हरेश्वरने सांगितलं. एक सकाळ.

आवडाबाई त्या खोक्यावर बसली ज्याच्यावर अंबाजी बसला होता.  राही रडायला लागली तेव्हा नलू तिला घेऊन निघून गेली. मग म्हातारी उठली आणि घरी गेली. जाताना तिने दाराच्या चौकटीला धरलं, तेवढंच.

हरेश्वरला वाटलं की आता ती पंचांकडे जाईल. तो त्याची वाट बघत राहिला. वाळीत टाकतील, दंड करतील, काहीही करतील, पण काहीतरी होईल. तसं काहीच झालं नाही. नलू त्याला ताट वाढायची आणि समोरून उठून जायची. ती भांडली नाही. रागावली असती तर त्याने ऐकून घेतलं असतं. पण ती त्याच्याशी मीठ आणि पाणी यांच्यापलीकडे बोलेनाशी झाली, आणि हे असं पुढे कितीतरी वर्षं चाललं. राही मोठी झाली ती आईबापांना एकमेकांशी बोलताना न बघता.

काही महिने वाट बघून शेवटी हरेश्वरच सासूकडे गेला. ती अंगणात सुकट निवडत होती.

"आये, मी पंचांना सांगतो," तो म्हणाला.

"काय व्हईल त्यान? दंड घेतील नि पंगत जेवतील." तिने हात थांबवला नाही. "तू शेड उघड."

"माझ्यान न्हाय व्हनार."

"तुझ्या हातच्या दांड्यावर मानसा समुद्रात जातान. त्यांना मुंबयला कोन नेनार? तू उघड. मी येईन. तू लोखंड धरशील, मी हलवून बघीन, मंग चालू करशील. मी सांगतल्याबिगर दांडा ओढायचा न्हाय."

हरेश्वर वळून निघाला. ती सुकट निवडत होती.

हरेश्वरने नवा स्क्रू परत बसवला आणि शेड उघडली. आवडाबाई सकाळी यायची, दाराशी चपला काढायची आणि आत येऊन खोक्यावर बसायची. हरेश्वर जॉब चकात धरायचा आणि बाजूला व्हायचा. मग ती उठायची, लुगड्याचा पदर खोचायची, दोन्ही हातांनी जॉब धरून वर-खाली, आत-बाहेर हिसके द्यायची. नाही हलला तर म्हणायची, "चालू कर." एवढेच शब्द. मग ती चकाच्या समोरून बाजूला होऊन भिंतीशी उभी राहायची आणि काम संपेपर्यंत बघायची. पट्ट्याचा दांडा हरेश्वर आता स्वतः ओढायचा. तो त्याने बाजूला हलवून घेतला होता, चकासमोर आता कुणाला उभं राहावं लागत नव्हतं.

पहिल्या वर्षी गाव बघायला यायचं. नंतर सवय झाली. म्हातारी जावयाला मदत करते असं बाहेरगावच्या लोकांना वाटायचं आणि ते तिचं कौतुक करायचे. ती त्यांना उत्तर द्यायची नाही. तिच्यामुळे काम सावकाश होई, कारण ती बाजारातल्या बाईसारखी प्रत्येक गोष्ट पुन्हा पुन्हा हात लावून बघायची. हळूहळू तिला त्यातलं कळायला लागलं. लांब दांडा असेल तर त्याचं दुसरं टोक टेकलेलं आहे का, ते ती आधी बघायची. पातळ नळी जास्त आवळली की चेपते, हेही तिच्या लक्षात आलं होतं. तिने हे कुणाला विचारलं नाही आणि हरेश्वरने तिला शिकवलं नाही.

एकदा, तिसऱ्या की चौथ्या वर्षी, हरेश्वरने एक पुली धरली. चारही जबडे आवळले आणि तो बाजूला झाला. आवडाबाईने हिसका दिला आणि ती थांबली.

"हलतंय," ती म्हणाली.

"न्हाय व्हनार, आये."

"हात लावून बघ."

त्याने हात लावला. पुलीवर वळ उठू नयेत म्हणून जबड्याखाली ठेवलेली पट्टी सरकली होती. पुली किंचित हलत होती. त्याने ती स्वतः तपासली होती, त्याला शपथ घेता आली असती. तो शेडीबाहेर गेला आणि उतारावर, होड्यांच्या मध्ये, जाऊन बसला. परत आला तेव्हा आवडाबाई चकाजवळच होती, पुलीवर हात ठेवून. तिचा चेहरा त्याने आजवर बघितला नव्हता असा झाला होता. आपला हात एवढंच काम करतो, एवढं सोपं काम, आणि त्या दिवशी तो इथे नव्हता, हे तिला नव्याने कळलं असावं.

"परत धर," ती म्हणाली, आणि घरी निघून गेली.

पुढे काही दिवस ती आली नाही. तेवढे दिवस हरेश्वरने लेथ चालू केला नाही. लोक दारात येऊन उभे राहिले, बोलले, चिडले. अंबाजीही आला. धर्मा गेल्यापासून तो शेडीकडे फिरकला नव्हता, काम मुंबईला पाठवायचा. या वेळी त्याची होडी अडून पडली होती.

"म्हातारीला घरी बसव," तो म्हणाला. "गाव हसतंय तुला. तू टर्नर की ती?"

"ती येईल तवा करीन."

"किती वरसा झाली? तिचा पोर गेला, आमाला वाईट वाटला. पन ओतकामात खोट व्हती ती तुझी चूक न्हाय."

हरेश्वरने त्याला तिथे सांगितलं. स्क्रूचं, पट्टीचं, चावी मऊ लागली त्याचं, सगळं. अंबाजी खोक्यावर बसला. मग तो खाली बघून म्हणाला, "मीच घाई केली व्हती."

"तू लोखंड धरला न्हवतास," हरेश्वर म्हणाला.

अंबाजीने ही गोष्ट बाहेर नेली. अशी ती साऱ्या गावाला कळली. पंचांनी त्याला बोलावलं नाही. एवढ्या उशिरा काय करायचं ते त्यांनाही सुचलं नसावं. पण बरीच माणसं त्याच्याकडे यायची थांबली. काही जण त्याच्या शेजारी पंगतीत बसेनात. हरेश्वरने ते मुकाट्याने घेतलं. आवडाबाई परत यायला लागली आणि शेड थोड्या कामावर चालू राहिली.

म्हातारी थकत गेली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले, हात कापायला लागले. ती जॉबला हिसका द्यायची पण त्यात जोर उरला नव्हता. सैल असता तरी तिला तो हलवता आला नसता. हे दोघांनाही कळत होतं. हरेश्वर प्रत्येक जॉब आधी स्वतः लोखंडी पहार लावून बघायचा आणि मगच तिला हाक मारायचा. एका सकाळी ती लवकर आली, तो पहारीने जॉब हलवत होता तेव्हाच.

"तू आधी बघतंस?" तिने विचारलं.

"व्हय."

"कवापासून?"

"तू यायला लागल्यापासून. त्या पुलीच्या येली बघितलं तरी राहिलं. मंग पहार घेतली."

ती खोक्यावर बसली. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी तिने त्याच्या दिशेला बघितलं.

"तुना वाटतो मी तुना मदत कराया येते?"

"न्हाय, आये."

"घरात मना बसवत न्हाय. धर्मा शेवटचा इथं उभा व्हता. म्हनून येते. तुझा तोंड बघावा लागतो, त्याला इलाज न्हाय."

 ती उठली, चाचपडत चकापर्यंत गेली, दोन्ही हात जॉबवर ठेवले. "चालू कर," ती म्हणाली.

पासष्ट साली पावसाळ्याच्या अखेरीला तिने अंथरूण धरलं. नलूने तिला आपल्या घरी आणलं. हरेश्वर रोज तिच्या उशाशी बसायचा, ती त्याच्याशी बोलायची नाही. शेवटच्या दिवसांत नलूनेच विषय काढला. तिला वाटलं असावं की आता तरी आईने मोकळं व्हावं.

"आये, यांना काय सांगाचा हाय?"

 म्हातारीला प्रश्न समजला होता, कारण तिने हरेश्वर बसला होता तिकडे मान वळवली.

"न्हाय," ती म्हणाली.

 दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. धर्माला जिथे जाळलं होतं तिथेच, खाडीच्या काठाला, तिला नेलं. अग्नी हरेश्वरने दिला, कारण दुसरं कुणी उरलं नव्हतं. काही जणांना ते पटलं नाही, पण कुणी पुढे होऊन अडवलं नाही.

तेराव्यानंतर तो शेडीत गेला. एका खलाशाचा दांडा पडून होता, तो त्याने चकात धरला, पहार लावून बघितला आणि इंजिन चालू केलं. मग पट्ट्याच्या दांड्यावर हात ठेवून तो उभा राहिला. खलाशी दारात बसला होता, त्याने नंतर सांगितलं की हरेश्वर असा उभा राहिला जसं कुणीतरी त्याला थांबायला सांगितलं आहे. इंजिन नुसतंच धडधडत राहिलं. मग त्याने इंजिन बंद केलं, जॉब सोडवला आणि खलाशाच्या हातात दिला. "उरनला ने," तो म्हणाला. उरणला तोवर वीज आली होती आणि विजेवरचे लेथही.

पुढच्या वर्षी पेणच्या एका माणसाने लेथ विकत घेतला. बैलगाड्यांतून तो गेला तेव्हा हरेश्वरने स्वतः दोरखंड आवळले. शेडीचे पत्रे त्याने कुणाला तरी देऊन टाकले, फक्त भोक पडलेला पत्रा नलूने मागून घेतला आणि चुलीमागे ठेवला. तो तिने का ठेवला हे कुणी विचारलं नाही.

हरेश्वरचं वय तेव्हा पन्नासच्या आत होतं, पण दिसायचा म्हातारा. तो एका होडीवर इंजिन सांभाळायला राहिला. हे काम तरुण पोरं करायची आणि त्याला त्यांच्या हाताखाली राहावं लागलं. लाटा उसळल्या की त्याला ओकाऱ्या व्हायच्या. पोरं हसायची. तो इंजिनाशी बसून राहायचा, समुद्राकडे बघायचाही नाही. राहीचं लग्न नागावला झालं. लग्नातही नलू आणि तो बाजूबाजूला बसले पण बोलले नाहीत.

एकदा सकाळी, थंडीच्या दिवसांत, तो डबा घेऊन निघाला होता. नलू दारात भांडी घासत होती. तिने मान वर न करता विचारलं, "परत कवा येनार?"

तो थांबला. इतक्या वर्षांत तिने हे विचारलं नव्हतं.

"उद्या भरतीला. सांज व्हईल."

"वारा हाय."

"व्हय."

तिने राख घेतली आणि भांडं घासत राहिली. तो थोडा वेळ उभा राहिला, ती आणखी काही बोलते का ते बघत. मग तो बंदराच्या वाटेला लागला.